इंजिन उतरलं आणि घट बसले

पिंपळे गुरवच्या ओंकार विहार सोसायटीत नवनाथची गाडी सुरू झाली की वरच्या मजल्यांवरच्या बायका दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. गाडी छोटी, पांढरी, वयाने बरीच मोठी आणि धूर सोडण्याच्या बाबतीत अतिशय उदार. तो धूर निळसर असायचा आणि त्याला भजी तळल्यासारखा वास यायचा, त्यामुळे नवखा माणूस आधी खूश व्हायचा आणि मग खोकायचा. पुढे पुढे ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागली, आणि एके दिवशी एक लांबलचक उसासा टाकून तिने सुरू होणंच सोडून दिलं. कपडे बिनधास्त वाळू लागले. सोसायटीत शांतता नांदू लागली. नवनाथच्या मनात मात्र ती काही नांदेना.

गॅरेजवाल्याने गाडीचं तोंड उघडून आत पाहिलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि सांगितलं की रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह गेलेत, इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागेल. नाहीतर सरळ भंगारात द्या. हे तो अशा आवाजात म्हणाला की जणू दुसरा पर्याय नवनाथच्या चेहऱ्याला जास्त शोभून दिसेल.

नवनाथला हे लागलं. कारण नवनाथ स्वतः मोटारींच्या धंद्यातला माणूस होता. चाकणच्या एका मोठ्या मोटार कंपनीत तो कित्येक वर्षं काम करत होता, आणि तिथे त्याचं काम काय, हे सांगायची वेळ आली की तो शक्यतो विषय बदलायचा. लाईनच्या अगदी शेवटच्या टोकाला तो उभा असायचा. तयार गाडी समोर आली की तिचं दार उघडायचं, लावायचं आणि आवाज ऐकायचा. 'ठप्प' असा भरीव आवाज आला की पास. 'खण्ण' आला, 'कडाक' आला, की गाडी बाजूला. दिवसभर एवढंच. घरी येताना कान कंपनीत ठेवून येता येत नसल्यामुळे तो फ्रिज लावून ऐकायचा, कपाट लावून ऐकायचा, पाहुणे गेले की त्यांच्यामागे दार लावून ऐकायचा आणि गंभीरपणे मान हलवायचा. त्याची बायको तनुजा म्हणायची, हे लग्नाआधी कळलं असतं तर मी पडदे लावलेलं घर मागितलं असतं.

आता ओंकार विहारची गंमत अशी, की ती सोसायटी म्हणजे जवळजवळ एक अख्खं इंजिनच होतं, फक्त मजल्यामजल्यांवर विखुरलेलं. पहिल्या मजल्यावरचा शेखर कुरुळीजवळच्या एका कारखान्यात पिस्टनच्या रिंगा बनवायचा. दुसऱ्या मजल्यावरचा बिरू बेअरिंग बनवायचा. तिसऱ्या मजल्यावरचा निरंजन व्हॉल्व्हच्या कंपनीत होता. रिंग या विषयावर शेखर जेवण थंड होईपर्यंत बोलू शकायचा, पण ती रिंग पुढे कुठे जाते असं विचारलं तर सांगायचा, डिस्पॅचला. बिरूच्या मते बेअरिंग हा इंजिनाचा आत्मा होता आणि बाकी सगळं म्हणजे त्या आत्म्याचे कपडे. निरंजन तर खुद्द डिस्पॅचलाच होता, म्हणजे त्याने व्हॉल्व्ह खोक्याबाहेर कधी पाहिलाच नव्हता. एक अख्खं इंजिन आतून पाहिलेला माणूस बिल्डिंगमध्ये एकही नव्हता. पण हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांनी पाहिलं असेल.

या सगळ्यांत दाराच्या माणसाला काय किंमत असणार? जिन्यात गप्पा रंगल्या की शेखर रिंगेतल्या फटीबद्दल बोलायचा, बिरू तेलाच्या थराबद्दल बोलायचा, आणि नवनाथने तोंड उघडलं की सगळे आदराने गप्प होऊन ते दार लवकर लागायची वाट बघायचे.

त्यात सोसायटीची मीटिंग लागली. सेक्रेटरी होते अर्जुनराव, मूळचे गावातलेच, ज्यांच्या जमिनीवर अर्धं पिंपळे गुरव उभं आहे आणि जे उरलेल्या अर्ध्यावरही आपलंच असल्यासारखे चालतात. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या आणि अर्जुनरावांनी नवनाथच्या गाडीकडे हात करून प्रस्ताव मांडला.

"नवनाथराव, ही गाडी हाय का कपाट? वर्स झालं, हलली न्हाई. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या येळेला ही सवताच्या इंजनावर गेटाभायेर गेली पायजे. ढकलून न्हाई चालायचं. न्हाई गेली, तर जागा सोसायटीची."

जागा सोसायटीची झाली तर ती पुढे कुणाला मिळणार, असं कुणीतरी विचारलं. अर्जुनराव म्हणाले की वेटिंग लिस्टीत पहिलं नाव ज्याचं आहे त्याला. पहिलं नाव कुणाचं आहे, असंही विचारलं गेलं. अर्जुनरावांना त्याच वेळी नेमका फोन आला. त्यांनी एक भलीमोठी काळी गाडी बुक केलेली होती आणि तिची डिलिव्हरी दसऱ्याला होती, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

नवनाथ खुर्चीवरून उठला. त्याला काही म्हणायचं नव्हतं, फक्त पाय आखडला होता. पण सगळ्यांच्या नजरा वळल्यावर नुसता पाय झाडून खाली बसणं त्याच्या स्वाभिमानाला झेपेना, आणि तो म्हणून गेला की गाडी जाईल. गॅरेजमध्ये नाही, इथेच बनेल. अख्खं इंजिन इथेच उतरवू, खोलू, भरू. तनुजाने डोळे मिटून घेतले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. शेखरने हात वर करून सांगितलं की रिंगा माझ्याकडे. बिरूने बेअरिंगं स्वतःकडे घेतली. निरंजनने व्हॉल्व्ह घेतले. आपण एवढी वर्षं जे बनवतो ते शेवटी कुठे बसतं, हे बघायची इच्छा प्रत्येकाच्या मनात कुठेतरी दबून राहिली असावी. नवनाथ काय करणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पहिल्याच रविवारी काम सुरू झालं आणि ते कंपनीच्या शिस्तीने झालं. पाना हातात घेण्यापूर्वी सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून सुरक्षेची शपथ घेतली. जमिनीवर खडूने पट्टे ओढून चालायची वाट आखली गेली आणि त्या वाटेवरून न चालल्याबद्दल दुधवाल्याला समज देण्यात आली. बिरूने आपल्या चुलतभावाच्या गॅरेजमधून साखळीची पुली आणली, ती पार्किंगच्या बीमला टांगली, आणि शेवटी, बऱ्याच सूचना, प्रतिसूचना आणि एका चेंगरलेल्या अंगठ्यानंतर इंजिन गाडीतून वर आलं. हवेत लोंबकळत, ऑइल ठिबकत ते सगळ्यांकडे बघत राहिलं. डॉक्टरांकडे पहिल्यांदा आलेल्या बाळासारखं.

मग खोलणं सुरू झालं. वरचं हेड निघालं, खालचं ऑइलचं चेंबर निघालं, पिस्टन निघाले. ज्याचा भाग निघे तो पुढे सरसावून घेई आणि बाकीचे मागे सरकत. नवनाथ पुढे सरसावला की त्याला कुणीतरी प्रेमाने बाजूला करी. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या ऑपरेशनमध्ये त्याच्या वाट्याला एकच काम आलं. शेखरने पिस्टनमधून एक पिन ठोकून काढली, बोटाएवढी, पोलादी, आणि त्याच्याकडे न बघताच ती त्याच्या हातात दिली. "दादा, हे जरा धरा."

जरा धरा. इतकी वर्षं मोटारीच्या धंद्यात काढून शेवटी जरा धरा. पिन तेलाने माखलेली होती म्हणून नवनाथने खिशातून हाताला लागला तो रुमाल काढला आणि त्यात ती धरून, एखाद्या पुतळ्यासारखा तो गाडीच्या उघड्या दारापाशी उभा राहिला. तेवढ्यात अर्जुनराव आले. वर टांगलेली पुली बघून ते म्हणाले की बीम खाली आला म्हणजे बिल्डिंग तुमचा बाप भरून देणार का. आता वाद घालायला नवनाथला दोन्ही हात लागायचे. त्याने हातातलं ठेवलं आणि वाद घातला. वाद उत्तम झाला. बीमपासून सुरू होऊन तो पाण्याच्या टाकीपर्यंत आणि तिथून गेल्या गणपतीच्या वर्गणीपर्यंत गेला. नवनाथ जिंकला असं नवनाथचं मत होतं.

संध्याकाळपर्यंत इंजिन नाहीसं झालं होतं. म्हणजे ते ज्याच्या त्याच्या घरी गेलं होतं. शेखरने पिस्टन आणि रिंगा नेल्या, बिरूने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि बेअरिंगं नेली, निरंजनने हेड आणि व्हॉल्व्ह नेले आणि प्रत्येक व्हॉल्व्ह फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर स्टिकर लावलं. नवनाथकडे उरलं ते ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठवणारं खोलगट पत्र्याचं ताट. ते त्याने रॉकेलने, मग साबणाने, मग पुन्हा रॉकेलने असं घासून घासून आरशासारखं केलं. दुसरं काही घासायला त्याला कुणी दिलंच नव्हतं. मग ते वाळायला गच्चीवर ठेवलं. रात्री जेवताना तनुजा विचारत होती की तिच्या बहिणीने भरतकाम करून दिलेला मोराचा रुमाल कुणी पाहिलाय का. नवनाथ इंजिनाच्या विचारात होता.

मधला लोखंडी सांगाडा, म्हणजे ब्लॉक, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये न्यायचा होता. पिस्टन ज्या नळ्यांतून वरखाली पळतात त्या आतून घासून घ्यायच्या होत्या. जाताना काही अडचण आली नाही. अडचण परत येताना आली. टेम्पो गेटपाशी थांबला आणि वॉचमन दत्तोबाने विचारलं, कोण आलंय. बिरू म्हणाला, इंजिन आलंय. दत्तोबा नियमाचा माणूस. त्याने मोबाइलमधल्या सोसायटीच्या ॲपवर नोंद केली आणि तनुजाच्या फोनवर निरोप आला: आपल्याकडे 'इंजिन' आले आहे, आत सोडायचे का? तनुजाने क्षणभर विचार केला आणि 'नाही' दाबलं. टेम्पो दुपारभर बाहेर उन्हात उभा. नवनाथ कामावरून आल्यावर रीतसर चौकशी झाली, तेव्हा तनुजाने शांतपणे सांगितलं की ओळख नसलेल्यांना मी आत घेत नाही. मग ब्लॉक आत आला आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर विराजमान झाला. तनुजा त्याच्यावरून वाकून सिरियल बघू लागली.

वरच्या मजल्यांवरही शांतता नव्हती. बिरूने क्रँकशाफ्ट पॉलिश करून शेखरला दाखवायला नेला तर शेखरने त्यावर 'होल्ड'चं, म्हणजे थांबवून ठेवल्याचं, लाल स्टिकर चिकटवलं, कारण सोबत तपासणीचा कागद नव्हता. बिरूने रागाने शेखरच्या पिस्टनवर 'रिजेक्ट' चिकटवलं. निरंजनने दोघांचंही प्लास्टिकमध्ये पॅकिंग करून टाकलं. दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना, आणि तिघांच्याही बायका सकाळी पाण्याच्या वेळेला एकमेकींना आपापल्या नवऱ्याच्या पार्टची तब्येत सांगू लागल्या.

या धामधुमीत घटस्थापना झाली. आणि तिसऱ्या दिवशी नवनाथ चेंबर आणायला गच्चीवर गेला तर चेंबर नव्हतं.

ते सापडलं चौथ्या मजल्यावर, कुसुमताईंच्या देवघरात. कुसुमताई बीडकडच्या, एकट्या राहायच्या, आणि नवरात्राचे नऊ दिवस पायात चप्पल घालायच्या नाहीत. घट बसवायचं त्यांचं मातीचं ताट नेमकं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फुटलं होतं. गच्चीवर गेल्या तर समोर एक नवंकोरं, खोलगट, चकचकीत भांडं उन्हात ठेवलेलं. शिवाय बुडाला जादा पाणी जायला भोकसुद्धा. त्यांना वाटलं, देवीनेच धाडलं. त्यांनी त्यात काळी माती भरली, गहू पेरला, मधोमध घट ठेवला, वर नारळ ठेवला, माळ सोडली. नवनाथ आणि शेखर दारात उभे राहिले तेव्हा गव्हाला बारीक पांढरे कोंब फुटले होते आणि त्यांच्यामागून चेंबरची कड ऐटीत चमकत होती.

नवनाथने घसा साफ करून विषय काढला. की ताई, हे भांडं म्हणजे तसं भांडं नाही, हे इंजिनाचं बूड आहे. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "मग आता देवी बसलीय त्यात. उठ म्हणून मी नाही सांगायची. तुम्ही सांगा."

नवनाथने देवीकडे पाहिलं. मग शेखरकडे पाहिलं. शेखर आधीच हात जोडून उभा होता. नवनाथने पण जोडले, प्रसाद घेतला आणि दोघे खाली आले.

तेव्हापासून चौथ्या मजल्यावरच्या आरतीला पुरुषमाणसांची गर्दी होऊ लागली. बिरू आरती म्हणता म्हणता गुडघ्यावर टेकून चेंबरच्या तळाला बोट लावायचा, गंज धरतोय का बघायला. निरंजन दर वेळी हलक्या आवाजात सुचवायचा की पाणी थोडं कमी घाला, देवीला सर्दी होईल. कुसुमताईंनी इतकी भक्ती या बिल्डिंगमध्ये कधी पाहिली नव्हती. गहूही असा तरारला, की त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी पण हेच भांडं द्या.

चेंबर दसऱ्यालाच सुटणार हे ठरल्यावर बाकीचं तरी आधी जोडून ठेवावं, असा शहाणा विचार पुढे आला. पण आदल्या दिवशी आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात मशीन बंद, हत्यारं बंद, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. शेखर, बिरू आणि निरंजन यांच्या घरात यंदा प्रथमच आपण बनवतो ती वस्तू खरीखुरी आलेली होती. ती देव्हाऱ्यात जाणार नाही तर काय भंगारात जाणार? पिस्टनच्या माथ्यावर स्वस्तिकं निघाली. बेअरिंगांना अक्षता लागल्या. निरंजनने आयुष्यात पहिल्यांदा एक व्हॉल्व्ह प्लास्टिकमधून बाहेर काढला, बराच वेळ हातात धरून बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नाही, असं तिघांनी तीन मजल्यांवरून एकाच दिवशी सांगितलं. नवनाथ घरी येऊन ब्लॉकशेजारी बसला. तनुजाने त्या ब्लॉकलाही एक फूल वाहिलं होतं. तिचं म्हणणं, आता इतके दिवस राहिलाय घरात.

म्हणजे सगळं इंजिन दसऱ्याच्या एका दिवसात बसवायचं होतं.

दसऱ्याला सकाळी पुन्हा शपथ झाली. जिन्यावरून एकेक भाग वाजतगाजत खाली आला, हळदीने पिवळा, कुंकवाने लाल. ब्लॉक पाटावर उलटा ठेवला गेला. बिरूने बेअरिंगं बसवली, क्रँकशाफ्ट ठेवला, बोटाने ढकलला, आणि तो गर्रकन फिरला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. शेखरने बिरूच्या खांद्यावर हात ठेवला. 'होल्ड' विसरला गेला. मग शेखर पिस्टन जोडायला बसला. पिस्टन आणि त्याचा दांडा एका पिनेने जोडायचा, मग दुसरा, मग तिसरा. तिथे तो थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, स्वतःच्या मांडीखाली बघितलं.

एक पिन नव्हती.

बाजारात जावं तर दसरा, सुट्या भागांची सगळी दुकानं पूजा करून बंद. मग आरोप सुरू झाले. शेखर म्हणाला, पॅकिंगमध्ये गेली असेल. निरंजनने सगळे फुगे फोडून दाखवले. बिरू म्हणाला, कुसुमताईंच्या मातीत असेल. एव्हाना वर घट उठले होते, म्हणून ती माती खाली आणून पिठाच्या चाळणीने चाळण्यात आली आणि चाळणी तनुजाची असल्याचं नंतर कळलं. या सगळ्यात सर्वांत मोठा आवाज नवनाथचा होता. जबाबदारी म्हणजे काय, यावर त्याने पायरीवर उभं राहून एक छोटं भाषण केलं. एक पिन सांभाळता येत नाही तुम्हाला, तो म्हणाला, आणि म्हणे इंजिनातली माणसं. इतक्या दिवसांचं सगळं साचलेलं त्या भाषणात बाहेर पडलं. तिघे खाली माना घालून उभे राहिले. तनुजा चाळणी झटकत होती. ती नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. अर्जुनरावांची काळी गाडी आली होती. नाकावर झेंडूचा हार, टपावर लाल रिबीन, आणि आत अर्जुनराव फेट्यात. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली गेली. काच खाली करून त्यांनी पार्किंगमधल्या त्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि फार मोठ्या मनाने सांगितलं, "चालू द्या, चालू द्या. सूर्य मावळंपर्यंत येळ हाय. मी हितं थांबतो."

नवनाथला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. तो आपल्या गाडीपाशी गेला. पुढे इंजिन नसल्यामुळे ती दात काढलेल्या आजोबांसारखी दिसत होती. तो आत बसला. आता ही जागा जाणार, आणि उद्यापासून तो जिन्यात फक्त दाराचा माणूस उरणार, तोही बिनगाडीचा. त्याने दार ओढून घेतलं.

ठब्ब.

नवनाथ सरळ बसला. दार उघडलं. पुन्हा लावलं. ठब्ब. हा ठप्प नव्हता. खण्णही नव्हता. दाराच्या पोटात काहीतरी मऊ, जड, गप्पगार बसलेलं होतं आणि दारामागोमाग एक पाऊल उशिरा हलत होतं. त्याने तिसऱ्यांदा दार लावलं तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले होते आणि बिरूला वाटत होतं की दादांना धक्का बसलाय, पाणी आणावं.

"गप्प राहा," नवनाथ म्हणाला. "या दारात काहीतरी आहे."

दाराच्या खालच्या कप्प्यात टोलच्या जुन्या पावत्या होत्या, शेंगदाण्याची टरफलं होती, एक तुटका कंगवा होता. त्यांच्याखाली हात गेला आणि काहीतरी कापडात गुंडाळलेलं बोटांना लागलं. त्याच क्षणी नवनाथला सगळं आठवलं. पुली, बीम, अर्जुनराव, पाण्याची टाकी, आणि वादासाठी मोकळे केलेले दोन हात. त्याचे कान आधी लाल झाले आणि मग पांढरे. हात आत तसाच ठेवून तो काही क्षण विचार करत राहिला. मग मूठ बाहेर आली आणि उघडली. मुठीत फक्त पिन होती. दुसरा हात पँटच्या खिशाकडे जाऊन आला, पण तो कोण बघतंय?

शेखरने पिन उचलली आणि उन्हात धरली. बिरू नवनाथच्या कानांकडे असा बघत होता जसा लोक देवळाच्या कळसाकडे बघतात. "दादा," तो म्हणाला, "कान हाय का मशीन?" निरंजनने खिशातलं हिरवं 'ओके'चं स्टिकर काढलं आणि नवनाथच्या शर्टवर लावलं. पिन दारात गेली कशी, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. अशा मोठ्या क्षणी माणसं फुटकळ गोष्टी विचारत नाहीत.

नंतरचं काम म्हणजे लाईनवर होतं तसं झालं. पिस्टन आत गेले, हेड बसलं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळले गेले. कुसुमताईंनी धुऊन पुसून दिलेलं चेंबर खाली लागलं, आणि त्यांनी घटातल्या गव्हाचे कोंब प्रत्येकाच्या कानावर खोवले. नवनाथच्या दोन्ही कानांवर, हे खास सांगायला हवं. ऑइल ओतलं, पुलीने इंजिन खाली सोडलं, वायरी जोडल्या, पाणी भरलं. पत्र्याचा एक छोटा तुकडा उरला, जो तिघांपैकी कुणाच्याच कंपनीत बनत नव्हता. त्यामुळे तो इंजिनाचा नाही असं एकमताने ठरलं.

सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे गेला होता. नवनाथने किल्ली फिरवली. गाडी खाकरली. पुन्हा फिरवली. वरच्या बायका सवयीने दोरीकडे धावल्या. तिसऱ्यांदा फिरवली, आणि मागून एक भलामोठा ढग निघाला, पिवळा आणि गुलाबी. त्याला उदबत्तीचा, कापराचा आणि किंचित हळदीचा वास होता. धावलेल्या बायकांनी जागच्या जागी हात जोडले. आणि त्या ढगातून इंजिनाचा आवाज आला, आधी अडखळत, मग एकसारखा. शेखर म्हणाला, ऐका, माझ्या रिंगा. बिरू म्हणाला, बेअरिंगं आहेत ती. निरंजन बॉनेटपाशी वाकला. तो फक्त ऐकत राहिला.

तनुजा पुढे बसली, तिघे मागे कोंबून बसले आणि गाडी निघाली. गेटमध्ये अर्जुनरावांची काळी गाडी नाकासमोर. आता सीमोल्लंघन व्हायचं तर एकाने मागे जायला हवं होतं, आणि नवनाथची गाडी एकदा थांबली तर परत निघेलच याची खात्री खुद्द देवीलाही नव्हती. तो थांबला नाही. शेवटी अर्जुनरावांनी गाडी मागे घेतली. चाकांपुढची लिंबं जशीच्या तशी राहिली. नवनाथची गाडी गेट ओलांडून रस्त्यावर आली, इंजिन चालू ठेवूनच कडेला उभी राहिली, आणि दत्तोबाने सलाम ठोकला.

अर्जुनराव खाली उतरले. कबूल केलेली गोष्ट ते मोडणारे नव्हते. जागा तुमचीच, असं त्यांनी जड आवाजात सांगितलं आणि मागे हात नेऊन आपल्या नव्या गाडीचं दार लावलं. ठप्प. इतका गोल, भरीव, सुंदर ठप्प नवनाथने आयुष्यात क्वचितच ऐकला होता. त्याने मान किंचित तिरकी केली. भुवया जवळ आणल्या.

"का वं?" अर्जुनराव म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही," नवनाथ म्हणाला.

"आवं सांगा की."

"नवी आहे. होईल सवय."

गाडी काटे पुरमच्या चौकाकडे वळली तेव्हा मागे अर्जुनराव दार उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते, फेटा एका बाजूला सरकवून कान दाराला लावत होते.

मागच्या सीटवर रिंग मोठी की बेअरिंग मोठं, यावर पुन्हा जुंपली होती. तनुजाने रस्त्यावरची नजर न हलवता नवऱ्यापुढे हात पसरला.

"माझा रुमाल."

नवनाथने एक सिग्नल जाऊ दिला. मग खिशातून तो मोराचा रुमाल काढून तिच्या हातावर ठेवला. मोराच्या पिसाऱ्यात बोटाएवढा एक काळा, तेलकट डाग पडला होता. तनुजाने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"कान चांगले आहेत हो तुमचे," ती हळूच म्हणाली. "फक्त स्वतःच्या हातात काय आहे, तेवढं ऐकू येत नाही."

मागून बिरूने मान पुढे काढली. "काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही," नवनाथ म्हणाला. "दार नीट लागलंय का बघ म्हणतेय."